करवसुलीची चव

१७९४ चा जुलै आहे. ॲलेगेनीचे डोंगर मागे टाकून तुम्ही पश्चिम पेनसिल्व्हेनियात, मोनोंगाहेला नदीच्या खोऱ्यात उतरला आहात. पायवाटेच्या दोन्ही अंगांना कापणीला आलेलं पीक उभं आहे. उंच, सडपातळ, गव्हासारखं दिसणारं पण गहू नसलेलं. हीच राय. हलक्या जमिनीत येते, आदल्या शरदात पेरली की बर्फाखाली हिवाळा काढते आणि फारसे लाड मागत नाही. इथले बहुतेक शेतकरी स्कॉट-आयरिश. दारू गाळण्याची विद्या त्यांनी समुद्रापलीकडून सोबत आणली आणि हाताशी जे धान्य आलं त्यावर ती चालवली.

झऱ्याकाठच्या छपराखाली तांब्याची भट्टी धडधडते आहे. शेतकरी तुमच्या हातात पत्र्याचा पेला देतो. आतली व्हिस्की पाण्यासारखी पांढरी, कालच गाळलेली. पहिल्या घोटाला कच्च्या कणकेचा वास येतो, मग मिरीसारखा तिखटपणा, मग नुसती आग. तुम्ही काही बोलाल म्हणून थांबता, पण कशी लागली असं तो विचारतच नाही. त्याच्या लेखी ती चाखायची वस्तूच नाही. मीठ, खिळे, बंदुकीची दारू तो हिच्याच बदल्यात आणतो. मजुराची मजुरीही हिच्यातच चुकवतो. या डोंगरांआड नाणं क्वचितच दिसतं.

त्याचा हिशेब ऐकून घ्या, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. डोंगर ओलांडून पूर्वेच्या बाजारात जायचं तर एक घोडा चार बुशेल राय वाहतो, म्हणजे शंभर किलोच्या आसपास. तीच राय गाळून पिंपात भरली तर तोच घोडा चोवीस बुशेलांचा ऐवज नेतो. वाटाडे, नद्या, चढ तेच, माल सहापट. अशा माणसाला व्हिस्की सोडून नुसतं धान्य विक म्हणणं म्हणजे त्याला भिकेला लावणं.

आणि नेमकं त्याच्या याच घोड्यावर सरकारने बोट ठेवलं आहे. स्वातंत्र्ययुद्धाचं कर्ज फेडायला अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी १७९१ मध्ये देशी दारूवर अबकारी कर बसवला. कर रोख भरायचा. मोठ्या भट्टीवाल्याला गॅलनमागे तो हलका पडतो, छोट्याला जड. नोंदणी चुकवली म्हणून समन्स आलं तर हजर व्हायचं कुठे, तर फिलाडेल्फियात, सुमारे ४८० किलोमीटरवर, ऐन कापणीत. हॅमिल्टन यांना अर्थशास्त्र कळत होतं यात शंका नाही. डोंगरापलीकडचा शेतकरी कसा जगतो हे मात्र त्यांना कळलेलं दिसत नाही.

वाटेत एका झाडावर चिठ्ठी ठोकलेली दिसते. खाली सही ‘टॉम द टिंकर’, म्हणजे टॉम कल्हईवाला. जो मुकाट्याने कर भरतो त्याची भट्टी हा टॉम ‘दुरुस्त’ करतो, म्हणजे रात्री तिच्यात गोळ्या घालतो. टॉम एकच माणूस आहे की गावभर टॉमच आहेत, हे विचारायच्या भानगडीत पडू नका. १७ जुलैला बोअर हिलवर असाल तर मागेच उभे राहा. करनिरीक्षक जॉन नेव्हिल यांच्या घराला शेकडो शेतकऱ्यांनी वेढा घातला आहे. बंडखोरांचा म्होरक्या जेम्स मॅकफार्लेन गोळी लागून पडतो आणि थोड्याच वेळात घर पेटतं.

ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन जवळपास १३,००० सैनिक घेऊन निघतात आणि बेडफर्डपर्यंत स्वतः येतात. सैन्य पोहोचेपर्यंत बंड विरून गेलेलं असतं. पकडलेल्यांपैकी दोघांवर राजद्रोह सिद्ध होतो आणि वॉशिंग्टन त्यांनाही माफ करतात. कर मात्र राहतो, तो थेट १८०२ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्या काळात उठतो.

आता पाच वर्षं पुढे या आणि दक्षिणेला व्हर्जिनियात उतरा. १७९९. वॉशिंग्टन निवृत्त होऊन माउंट व्हर्नन या आपल्या मळ्यावर राहत आहेत. त्यांच्या वाड्यापासून चार-पाच किलोमीटरवर, डोग रन ओढ्याकाठी पिठाची चक्की आहे आणि तिच्या शेजारी ७५ फूट लांब, ३० फूट रुंद दगडी इमारत. आत शिरा. डोळे चुरचुरतील, पण शिरा.

पाच तांब्याच्या भट्ट्या ओळीने पेटल्या आहेत. खाली लाकडांचा जाळ, वर वाफ. ओढ्याचं पाणी लाकडी पन्हळींतून आत आणलं आहे. त्यात बुडालेल्या वेटोळ्या नळ्यांमधून वाफ थंड होऊन थेंब थेंब गळते. बाजूच्या लाकडी टाक्यांत भरडा आणि उकळतं पाणी एकत्र ढवळणं चालू आहे. राय ६० टक्के, मका ३५ आणि मोड आणून वाळवलेलं बार्ली ५. ते बार्ली एवढंसंच, पण त्याच्यावाचून पिष्टाची साखर होत नाही आणि साखर झाली नाही तर यीस्टला खायला काही नाही. रायचा भरडा हट्टी असतो. चिकट होतो, फसफसून टाकीबाहेर येऊ पाहतो, ढवळणाऱ्याचे दंड भरून येतात. तीन-चार दिवस आंबला की तो भट्टीवर चढतो. एकदा गाळून जे निघतं ते कमजोर असतं, म्हणून पुन्हा गाळायचं. श्रीमंत गिऱ्हाइकासाठी चारदाही गाळतात. आपल्याकडे ‘पहिल्या धारेची’ म्हटलं की पिणाऱ्याचे डोळे चमकतात, पण भट्टीवरचा जाणता माणूस पहिली धार बाजूला काढतो, कारण नको ते द्रव्य आधी उडून येतं. पिण्याजोगा माल असतो मधल्या धारेत.

हे ढवळणारे, लाकडं सारणारे, धार ओळखणारे हात कोणाचे? हॅन्सन, पीटर, नॅट, डॅनियल, जेम्स आणि टिमथी. सहाही जण गुलाम. भट्टीची कल्पना १७९७ मध्ये नेमलेल्या जेम्स अँडरसन या स्कॉटिश व्यवस्थापकाची, देखरेख त्याच्या मुलाची, नाव आणि नफा वॉशिंग्टन यांचा. पुढे कोणी तुम्हाला ‘वॉशिंग्टनची व्हिस्की’ म्हणून बाटली दाखवली तर ही सहा नावंही आठवा. लेबलवर ती मावतील एवढी जागा असते.

इमारतीच्या मागे जा. भट्टीतून उरलेला चोथा दीडशेच्या आसपास डुकरांना घातला जातो. आदल्या वर्षी येऊन गेलेल्या युलियान निएमत्सेविच या पोलिश पाहुण्याला त्यांची लोंबती पोटं एवढी नवलाची वाटली की त्याने ती लिहून ठेवली. धान्य, दारू, चोथा, मांस. इथे काही वाया जात नाही.

यंदा या पाच भट्ट्यांतून ११,००० गॅलनच्या आसपास व्हिस्की निघणार आहे, किंमत साडेसात हजार डॉलरच्या घरात. देशातल्या सर्वांत मोठ्या भट्ट्यांत हिची गणना आहे. बहुतेक माल जवळच्या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्यांकडे आणि आसपासच्या शेतकऱ्यांकडे पांढराच जातो, पिंपात मुरवत ठेवायची कोणालाच निकड नाही. खुद्द मालकाला विचाराल तर त्यांची आवड मदिरा वाइनची.

हिशेबाची वही उघडी दिसली तर एक रक्कम जरूर पाहा. पाचही भट्ट्यांची मिळून क्षमता ६१६ गॅलन, त्यावर १७९८ मध्ये भरलेला कर ३३२ डॉलर. ज्या कराच्या वसुलीसाठी हा माणूस सैन्य घेऊन डोंगर चढला, तोच कर तो गुमान भरतो आहे. त्याच्याकडे रोकड आहे, भट्ट्या मोठ्या आहेत, बंदर जवळ आहे. मोनोंगाहेलाच्या शेतकऱ्यापाशी यातलं काही नव्हतं. मला विचाराल तर बंडाची सगळी कैफियत या एका नोंदीत आली. १७९९ च्याच १४ डिसेंबरला वॉशिंग्टन वारतात. भट्टी दुसऱ्या हातांत जाते आणि १८१४ मध्ये जळून खाक होते.

पुढचा टप्पा भराभर गाठू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पुन्हा पेनसिल्व्हेनियात, वेस्ट ओव्हर्टनला थांबा. मेनोनाइट पंथाच्या एब्राहम ओव्हरहोल्टने १८१० पासून इथे राय गाळली आहे. (अंगणात धडपडणारं पोर दिसलं तर ते त्याचा नातू, १८४९ मध्ये इथेच जन्मलेला हेन्री क्ले फ्रिक, पुढे कोक आणि पोलादाचा सम्राट.) इथला पेला तांबूस आहे. ओकच्या पिंपात वर्षं काढल्यावर त्या पांढऱ्या आगीत व्हॅनिलाचा, भाजक्या साखरेचा वास उतरला आहे. तिखटपणा गेलेला नाही, पण त्याला खोली आली आहे. हा घोट तुम्ही गिळायची घाई करत नाही. राय चाखण्याची वस्तू झाली ती इथे.

आणि झाली की लगेच भेसळही सुरू झाली. कोऱ्या स्पिरिटमध्ये रंग आणि अर्क घालून जुनी व्हिस्की म्हणून विकणारे बोकाळले, तेव्हा १८९७ मध्ये ‘बॉटल्ड इन बॉन्ड’ कायदा आला. एकाच डिस्टिलरीचा, एकाच हंगामाचा माल, सरकारी देखरेखीखालच्या गोदामात किमान चार वर्षं, अल्कोहोल बरोबर ५० टक्के. करवसुलीसाठी बसवलेला माणूस आता शुद्धतेचीही हमी देऊ लागला.

१७ जानेवारी १९२०. अमेरिकेत दारूबंदी. तरीही डॉक्टरची चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात गेलात तर दर दहा दिवसांनी एक पाइंट व्हिस्की मिळते. ओव्हरहोल्ट कंपनीकडे औषधी विक्रीचा परवाना आहे. दारूबंदी राबवणारं खातं अर्थमंत्रालयाखाली येतं आणि १९२१ पासून अर्थमंत्री आहेत अँड्र्यू मेलन, ज्यांचा ओव्हरहोल्टमध्ये वाटा आहे. यावर टिप्पणी नको.

५ डिसेंबर १९३३ ला बंदी उठते, पण राय सावरत नाही. मका स्वस्त आणि गोड, त्याची बर्बन लोकांच्या जिभेवर बसते. पेनसिल्व्हेनियातल्या भट्ट्या एकेक विझतात. शेफर्सटाउनची मिक्टर्स डिस्टिलरी १९९० मध्ये बंद होते, तेव्हा या राज्याची दोनशे वर्षांची परंपरा जवळजवळ संपलेली असते. थोडीफार राय केंटकीत, बर्बनच्या सावलीत तग धरून राहते. नव्या शतकात जुन्या कॉकटेलांच्या शोधातल्या बारवाल्यांनी तिला पुन्हा वर काढलं. २००७ मध्ये डोग रनची भट्टीही जुन्या पायावर पुन्हा बांधून खुली झाली.

आता तुम्ही आजच्या तारखेला, टेबलाशी बसला आहात. लेबल वाचा. अमेरिकन राय असेल तर धान्यात किमान ५१ टक्के राय आणि आतून जाळलेलं नवं ओकचं पिंप, हे कायद्यानेच ठरलेलं आहे. ‘स्ट्रेट’ लिहिलं असेल तर किमान दोन वर्षं मुरलेली. कॅनडाच्या बाटलीवरचा ‘राय’ हा शब्द मात्र फार मनावर घेऊ नका, तिथे धान्यात राय नावापुरती असली तरी चालते.

तोंडाशी निमुळता होणारा ग्लास घ्या, बोटभर ओता, बर्फ नको. नाक ग्लासात खुपसू नका, काठावरून हलकेच वास घ्या. मिरी, लवंग, कधी पुदिना. पहिला घोट जीभ सरावण्यापुरता, दुसऱ्यावर मत बनवा. मग चमचाभर पाणी घालून पाहा, दबलेला गोडवा वर येतो. हीच रीत कोन्याकला, मुरलेल्या रमला आणि गोव्याच्या चांगल्या काजू फेणीलाही लागू. फेणी लिंबू-सोड्यात बुडवण्याआधी एकदा तरी नुसती चाखा. पहिली राय घेणाऱ्याला मी महागडी जुनी बाटली सुचवणार नाही, ‘बॉटल्ड इन बॉन्ड’ छापाची सुचवेन. फार वर्षं पिंपात राहिली की राय लाकडाची चव देऊ लागते आणि धान्य हरवतं. कोलात मात्र कुठलीच घालू नका.

आणि महाराष्ट्रात असाल तर एक सरकारी बाब. १९४९ चा दारूबंदी कायदा इथे अजून लागू आहे. या ग्लासासाठी वय २५ पूर्ण हवं आणि खिशात परवाना हवा. तो एका दिवसाचाही मिळतो.