नामाजिरांचे जलरंग आणि नाकारलेली जमीन

एखाद्या प्रवाशाने आयुष्यभर जमवलेली मध्य ऑस्ट्रेलियातील मूलनिवासी चित्रकारांची जलरंगचित्रे लिलावाला येतात, तेव्हा सूचीपत्रात मोजकाच मजकूर असतो : चित्रकाराचे नाव, आकार, अंदाजे किंमत. जांभळट डोंगर, तांबडी माती, पुढ्यात पांढऱ्या खोडाचे उंच झाड. प्रवासी पेटीत सहज मावणारी ही चित्रे. या परंपरेचा माग काढू लागले की तो एका माणसापाशी येऊन थांबतो : अल्बर्ट नामाजिरा.

जन्म २८ जुलै १९०२, अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या पश्चिमेस असलेल्या हर्मन्सबर्ग या लुथेरन मिशनवर. समाज पश्चिम आरंडा. पाळण्यातले नाव एलिया. बाप्तिस्म्यानंतर अल्बर्ट झाले. जलरंग हाती येण्यापूर्वी ते मुल्गा लाकडाच्या फळ्यांवर तापलेल्या सळईने नक्षी उमटवीत असत.

१९३४ साली रेक्स बॅटरबी आणि जॉन गार्डनर या दोन भटक्या चित्रकारांनी मिशनवर आपली चित्रे मांडली. १९३६ मध्ये बॅटरबी परत आले, तेव्हा सौदा सरळ होता : नामाजिरांनी उंट सांभाळायचे व वाट दाखवायची, बॅटरबींनी रंगकाम शिकवायचे. अवघ्या दोन वर्षांत, १९३८ मध्ये, मेलबर्नला त्यांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले. ४१ चित्रे, सगळी विकली गेली.

कलासमीक्षकांनी मात्र नाक मुरडले. युरोपीय निसर्गचित्रणाची बरी नक्कल, असा एकंदर सूर. या सुरात एक मोठी गोष्ट निसटली. त्या चित्रांतला डोंगर म्हणजे निव्वळ देखावा नव्हता; तो बहुधा चित्रकाराच्या पित्याकडील वा मातेकडील प्रदेश होता, पूर्वजांच्या कथा जिथे वसतात ती जागा. तंत्र उसने होते, भूमी उसनी नव्हती.

आणि नेमकी तीच भूमी कायद्याच्या लेखी त्यांची नव्हती. गुरे पाळण्यासाठी त्यांनी चराऊ जमीन भाडेपट्ट्याने मागितली; नकार मिळाला. अ‍ॅलिस स्प्रिंग्जमध्ये घर बांधण्याचा प्रयत्नही तसाच फसला. १९५४ मध्ये कॅनबेरात राणी एलिझाबेथची भेट घडली, १९५६ मध्ये विल्यम डार्गी यांनी काढलेल्या त्यांच्या व्यक्तिचित्राला आर्चिबाल्ड पारितोषिक लाभले. देशभर कीर्ती, पण स्वतःची म्हणावी अशी जागा नाही.

१९५७ मध्ये त्यांना व पत्नी रुबिना यांना सरकारी पालकत्वातून वगळण्यात आले. मतदान करता येऊ लागले, दारू विकत घेता येऊ लागली. नात्यागोत्यातील बाकीचे लोक मात्र सरकारचे ‘पाल्य’च राहिले. आरंडांच्या रीतीत जे आपल्याकडे आहे ते आप्तांत वाटून घ्यायचे असते. कायद्यात तसे वाटणे गुन्हा होता. १९५८ मध्ये एका सहचित्रकाराला दारू पुरवल्याबद्दल त्यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली. अपिलानंतर ती तीन महिन्यांवर आली. त्यांतले सुमारे दोन महिने त्यांनी पापुन्याच्या राखीव वस्तीत काढले. ८ ऑगस्ट १९५९ रोजी अ‍ॅलिस स्प्रिंग्ज येथे त्यांचे निधन झाले.

इथून पुढची कथा पैशांची आहे. मृत्युपत्रान्वये कॉपीराइट कुटुंबाकडे यायला हवा होता. पण १९८३ मध्ये मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्या सरकारी विश्वस्ताने तो अवघ्या ८,५०० डॉलरना एका प्रकाशनसंस्थेला विकला, तोही कुटुंबाला न विचारता. पुढची चौतीस वर्षे त्या चित्रांच्या छपाईतून वारसांच्या हाती काही पडले नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये, बऱ्याच खटपटीनंतर, तो हक्क एका डॉलरच्या नाममात्र मोबदल्यात कुटुंबाच्या न्यासाकडे परतला.

मग लिलावाचे काय? ऑस्ट्रेलियात ९ जून २०१० पासून कलाकृतीच्या पुनर्विक्रीवर चित्रकाराला वा त्याच्या वारसांना पाच टक्के मिळण्याची तरतूद आहे. किंमत किमान १,००० डॉलर हवी. मात्र त्या तारखेपूर्वी विकत घेतलेल्या चित्राची पहिली विक्री यातून सुटते. म्हणजे दशकांपूर्वी वाळवंटात घेतलेला जुना संग्रह प्रथमच हातोड्याखाली आला, तर वारसांचा वाटा शून्य! तो वाटा सुरू होतो नव्या मालकाने चित्र पुन्हा विकल्यावर.

हे सारे हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षे टिकतात. नामाजिरांच्या बाबतीत ती मुदत २०२९ च्या अखेरीस संपेल.