व्होल्टला साठ ओम

डोनाल्ड मॅकॅडी हा ब्रिटिश टपाल खात्यातला इंजिनिअर. तिकडे तेव्हा तार आणि टेलिफोनही टपाल खात्याकडेच असत, त्यामुळे लाइन तपासायला निघालं की व्होल्टमीटर, अ‍ॅमीटर, ओममीटर असं सगळं लटांबर बरोबर घ्यावं लागे. त्याला वैतागून मॅकॅडीने तिन्ही कामं एका पेटीत बसवली. अँपिअर, व्होल्ट, ओम यांची आद्याक्षरं जोडून १९२३ साली ‘अ‍ॅव्हो’ मीटर बाजारात आला. आजच्या मल्टिमीटरचा हा पूर्वज.

या पूर्वजाची भूक मात्र दांडगी. संवेदनशीलता व्होल्टला ६० ओम, म्हणजे १२ व्होल्टच्या रेंजवर मीटरचा स्वतःचा रोध जेमतेम ७२० ओम. काटा टोकापर्यंत न्यायला सुमारे १७ मिलिअँपिअर लागत, आणि ते जात ज्याचं माप घ्यायचं त्याच सर्किटमधून. धडधाकट बॅटरीला त्याचं काही वाटत नाही. पंचाईत झाली ती रेडिओत, कारण तिथले रोध लाखांतले. एकेक लाख ओमचे दोन रोध सिरीजमध्ये जोडून १२ व्होल्ट द्या. मध्ये ६ व्होल्ट मिळणार हे दहावीचा मुलगाही सांगेल. तिथे हा मीटर लावला तर ०.१ व्होल्टसुद्धा दिसत नाही. बरं, मीटर खोटं बोलत नसतो. तो लावल्याक्षणी तिथले व्होल्ट खरोखरच तेवढे उरलेले असतात!

पुढच्या पिढ्यांनी ही भूक कमी करत नेली. १९२७ च्या सुधारित अ‍ॅव्होत व्होल्टला १६६ ओम झाले, पुढे गाजलेल्या ‘अ‍ॅव्हो ८’मध्ये थेट २०,०००. तरीही १० व्होल्टच्या रेंजवर वरच्या जोडणीत त्यालाही ४.८ च दिसतात. डिजिटल मीटरचा रोध साधारण १ कोटी ओम, तो ५.९७ दाखवतो.

म्हणून डिजिटल सरस म्हणावा, तर तो इतका अल्पाहारी की चालू वायरीशेजारून गेलेल्या, कशालाच न जोडलेल्या वायरीवरही पन्नास-साठ व्होल्ट दाखवून मोकळा होतो. जुना वायरमन अशा वेळी टेस्ट लॅम्प लावून बघतो, ते काही अडाणीपणाने नव्हे. दिव्याची भूक मोठी, त्यामुळे असले भुताटकीचे व्होल्ट तिथे टिकत नाहीत.

जुना व्हॉल्व्ह रेडिओ दुरुस्तीला घेतलात, तर सर्व्हिस शीटवर व्होल्ट कोणत्या मीटरने मोजलेत ते आधी वाचा. तिथले आकडे बहुधा त्या काळच्या मीटरने करंट खाऊन उरलेले असतात. तुमच्या डिजिटल मीटरवर चार व्होल्ट जास्त दिसले, म्हणून लगेच रोध बदलू नका.