घडणावळीचे मोल

दागिना करायला टाकला की सराफ दोन आकडे मांडतो : सोन्याचा भाव आणि घडणावळ. सोन्याच्या भावावर आपण फारसे बोलत नाही. घासाघीस करतो ती घडणावळीवर. जणू सोने तेवढे खरे, आणि त्याला रूप देणारा हात म्हणजे वरखर्च! वाचकहो, हा हिशेब एका पोलादी घड्याळाने उलटा करून दाखविला. ते आखणाऱ्या जेराल्ड जेंटा यांची ही हकीकत.

जेंटा यांचा जन्म १९३१ सालचा, जिनिव्हाचा. शिक्षण जवाहिऱ्याचे. पण त्यांचे मन रमले ते कागद, कुंचला आणि रंगांत. घड्याळांचे आराखडे रंगवून ते कंपन्यांना विकू लागले. सुरुवातीस एका चित्राचे मिळत १५ फ्रँक. १९५४ साली स्कँडिनेव्हियन कंपनीची विमाने ध्रुवप्रदेशावरून अमेरिकेला जाऊ लागली. त्या निमित्ताने जिनिव्हाच्या युनिव्हर्सल कंपनीने जे घड्याळ काढले, ते याच तेविशीतल्या तरुणाने आखलेले. तबकडीवर नाव मात्र कंपनीचे. चित्र काढणाऱ्याचे नाव छापण्याची रीत त्या धंद्यात नव्हतीच.

पुढे ओदमार पिगे या जुन्या कंपनीने त्यांना पोलादी घड्याळ आखायला सांगितले. जेंटांनी ते एका रात्रीत कागदावर उतरविले, असे ते स्वतः सांगत. पाणबुड्याच्या शिरस्त्राणावरून त्यांना कल्पना सुचली : काचेभोवती अष्टकोनी कडे, आणि त्यावर उघड दिसणारे आठ स्क्रू. इतर लोक स्क्रू लपवितात; यांनी त्यांचाच अलंकार केला! पट्टा वेगळा न जोडता घड्याळातूनच उगवल्यासारखा. १९७२ साली ‘रॉयल ओक’ या नावाने ते बाजारात आले. धातू साधा पोलाद, आणि किंमत कित्येक सोन्याच्या घड्याळांहून अधिक. धंद्यातले लोक चकित झाले. १९७६ साली पाटेक फिलिपचे ‘नॉटिलस’ आले, तेही त्यांच्याच हातचे.

आता याचे मर्म पाहा. १९६९ च्या डिसेंबरात जपानच्या सेको कंपनीने क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ विकायला काढले. पुढे तसली घड्याळे स्वस्त झाली आणि बिनचूक वेळ कोणालाही परवडू लागली. स्वित्झर्लंडमधल्या हजारो कारागिरांची कामे गेली. अशा काळात महागडे चावीचे घड्याळ घ्यायचे तरी कशासाठी? नुसत्या वेळेसाठी नव्हे, रूपासाठी, हातासाठी. म्हणजे घडणावळीसाठीच!

जेंटांनी १९६९ साली स्वतःच्या नावाची पेढी काढली होती. तबकडीवर अखेर त्यांचे नाव आले. पण १९९० च्या दशकात ती पेढी त्यांनी विकली, आणि २००० साली ती बुल्गारीकडे गेली. पेढीबरोबर नावही गेले. मग या वृद्ध कलावंताने ‘जेराल्ड चार्ल्स’ या दुसऱ्या नावाने पुन्हा काम मांडले. २०११ साली ते वारले.

२०२२ च्या मे महिन्यात त्यांच्या स्वतःच्या वापरातले रॉयल ओक जिनिव्हात लिलावाला आले आणि वीस लाखांहून अधिक स्विस फ्रँकांना गेले. त्यातला धातू किती तोळ्यांचा, हे कोणी विचारले नसावे. तेव्हा पुढच्या खेपेला सराफाच्या पेढीवर घासाघीस करताना क्षणभर थांबा. तो दुसरा आकडा कोणाच्या तरी हाताचा असतो, आणि त्या हाताचे नाव पावतीवर नसते.