आवाज तपासणारी पेटी

मैत्रिणींनो, रेडिओ केंद्रात एडिटिंगसाठी स्पीकर घ्यायचे ठरले की गटातून पहिला प्रश्न येतो, "एवढीशी पेटी पुरेल का?" याचे उत्तर रेडिओच्या इतिहासात सापडते.

१९७० नंतरच्या काही वर्षांत इंग्लंडच्या बीबीसीपुढे जागेचीच अडचण होती. बाहेरच्या कार्यक्रमांसाठी जाणाऱ्या गाडीत मोठे स्पीकर मावत नसत. म्हणून तिथल्या इंजिनिअरांनी 'एलएस ३/५ए' हा स्पीकर तयार केला. उंची जेमतेम एक फूट. ढोलाचा खोल दणका त्यात पुरता येत नसे, पण माणसाचे बोलणे स्वच्छ ऐकू येई. त्याला अॅम्प्लिफायर मात्र वेगळा जोडावा लागे.

पुढे फिनलंडच्या सार्वजनिक रेडिओला अॅम्प्लिफायर आतच बसवलेला स्पीकर हवा होता. जेनेलेक कंपनीने १९७८ साली तो करून दिला. अशा स्पीकरला अॅक्टिव्ह म्हणतात. हळूहळू टेबलावर मावणाऱ्या, परवडणाऱ्या अॅक्टिव्ह जोड्याही बाजारात आल्या.

आपल्याकडे २००६ साली स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओची परवानगी मिळू लागली. २००८ मध्ये सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी सुरू झाली. आता बायका स्वतः आवाज कापू-जोडू लागल्या. हे काम जोखमीचे आहे. "हे औषध बाळाला देऊ नका" यातला "नका" कापला गेला, तर अर्थच उलटा होतो. तो स्पीकरवर ऐकू आला पाहिजे.

म्हणून खरेदीला जाताना गटातल्याच एखादीचे रेकॉर्डिंग सोबत न्या. आवाज तिचाच वाटतो का? 'स' आणि 'श' वेगळे कळतात का? आवाज मुळापेक्षा भारदस्त वाटला, तर ती जोडी गाण्याला चांगली, आपल्या कामाला नाही. तीन ते पाच इंची स्पीकर बोलण्याला पुरतो. तो भिंतीपासून थोडा पुढे, कानाच्या उंचीवर ठेवा. पंख्याची घरघर लहान स्पीकरवर निसटते, ती हेडफोनवर तपासा. शेवटी कार्यक्रम साध्या मोबाइलवर वाजवा, कारण शेतात ऐकणारीच्या हातात तोच असतो.

पेटी लहान असली तरी चालेल, मैत्रिणींनो. ती खरे ऐकवणारी हवी.