यांकी पापा १३
लाइफ या अमेरिकन साप्ताहिकाच्या १६ एप्रिल १९६५ च्या अंकातील, व्हिएटनाम युद्धावरील प्रख्यात छायाचित्रनिबंध. क्रमाने मांडलेली छायाचित्रे आणि त्यांखालील चित्रओळी यांच्या आधारे सलग कथा उभी करणाऱ्या पत्रकारितेच्या प्रकारास छायाचित्रनिबंध म्हणतात. ब्रिटिश छायाचित्रकार लॅरी बरोज (१९२६–७१) ३१ मार्च १९६५ रोजी दा नांग येथील तळावरून, दक्षिण व्हिएटनामी सैनिकांना रणभूमीवर उतरविणाऱ्या अमेरिकन मरीन दलाच्या ‘यांकी पापा १३’ या हेलिकॉप्टरमधून गेले. त्यातील २१ वर्षांचा क्रू चीफ, म्हणजे हेलिकॉप्टरची देखभाल करणारा व दारातील मशीनगन चालविणारा सैनिक, हा या कथेचा केंद्रबिंदू होय. बरोज यांनी एक कॅमेरा त्या मशीनगनच्या बाजूस बाहेरून बसविल्याने गोळीबार करणाऱ्या सैनिकाचा चेहरा समोरून टिपता आला. प्रारंभी सुटीत मित्राबरोबर बाजारात हिंडणारा हा तरुण पुढे पायाशी पडलेल्या सैनिकाजवळ ओरडताना आणि अखेरीस तळावरील सामानाच्या खोलीत तोंड झाकून रडताना दिसतो. ओरडणे व रडणे छायाचित्रांत स्पष्ट दिसते. मात्र त्याच्या पायाशी पडलेला सैनिक शत्रूने निकामी केलेल्या दुसऱ्या हेलिकॉप्टरमधील वैमानिक होता व तो दगावला, हे शब्दांवाचून कळत नाही. चित्रओळ अशी नाव, स्थळ व कारण पुरविते आणि शोकाचा अर्थ लावण्याचे काम संयमाने वाचकावर सोपविते. या समतोलामुळेच एका दिवसाच्या मोहिमेतून कोवळ्या वयातील सैनिकावर युद्धाने केलेला आघात प्रत्ययास येतो.