वीस सेकंदांची मजुरी

युनियनच्या माणसाने अमेरिकेतल्या गाण्यांवर बोलावे, हे आपणांपैकी काहींना चमत्कारिक वाटेल. मी संगीत शिकलेलो नाही. शाळाही अर्धवटच राहिली. पण घाम कोण गाळतो आणि पैसा कोणाच्या खिशात जातो, हे पाहण्याची सवय मला लागली आहे. एका तरुण सभासदाने आग्रहाने ऐकवलेली तबकडी मी त्याच सवयीने ऐकली.

तिचे नाव 'इट टेक्स अ नेशन ऑफ मिलियन्स टू होल्ड अस बॅक'. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील 'पब्लिक एनिमी' ह्या कृष्णवर्णीयांच्या संचाने 1988 साली ती काढली. तुरुंग, अमली पदार्थ, दूरचित्रवाणी अशा विषयांवर हे लोक तालात बोलतात, गात नाहीत. आणि त्या बोलण्यामागे जे वाजते त्यातले पुष्कळसे त्यांनी वाजवलेले नाही. जुन्या तबकड्यांतून कापलेले तुकडे एकमेकांना जोडलेले आहेत.

ही युक्ती त्यांच्या आधीची. 1973 साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात कूल हर्क नावाचा पोरगा नाचाच्या कार्यक्रमांत तबकड्या लावत असे. गाणे थांबून नुसता ड्रम वाजू लागला की नाचणारे खुलतात, हे त्याने हेरले. मग एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर आलटून-पालटून लावून तेवढाच भाग तो लांबवू लागला. पुढे हे काम करणारी यंत्रे निघाली. पब्लिक एनिमीने वापरलेल्या एका यंत्रात सगळे मिळून 10 सेकंदांचा आवाज मावे. तेवढ्या वेळात आपल्याकडे अध्यक्षांची ओळखसुद्धा करून देता येत नाही!

ह्या तबकडीत माल्कम एक्सचा आवाज आहे. तुरुंग फोडण्याच्या गाण्याखाली आयझॅक हेजच्या 1969 सालच्या गाण्यातला पियानो आहे. एके ठिकाणी तर 'स्लेयर' ह्या कर्कश गिटारवाल्या संचाचाही तुकडा आहे. पण पुन्हा पुन्हा हात जातो तो जेम्स ब्राऊनच्या वखारीत. 'रिबेल विदाउट अ पॉज' ह्या गाण्यातले दोनच तुकडे घेऊ.

पहिला 'फंकी ड्रमर'मधला, नोव्हेंबर 1969 मध्ये सिनसिनाटीला ध्वनिमुद्रित झालेला. लांबलचक गाण्याच्या शेवटाकडे ब्राऊन बाकीच्यांना थांबवतो आणि सुमारे 20 सेकंद ड्रम एकटा वाजतो. वाजवणारा क्लाइड स्टबलफील्ड. हा चॅटानूगा गावचा. लहानपणी कारखान्यांच्या आणि आगगाड्यांच्या आवाजांतून आपल्याला ताल सापडला, असे तो सांगे. हे वाचले आणि तो मला आमच्यातलाच वाटला.

दुसरा तुकडा 'द ग्रंट'मधला, 1970 सालचा. गिरणीचा भोंगा व्हावा तशी सॅक्सोफोनची एक किंकाळी.

ह्या दोन ध्वनिमुद्रणांच्या दरम्यान काय घडले, ते मुद्दाम सांगतो. ब्राऊन मोठा कलावंत, पण मालक कडक. सूर चुकला, बूट चमकले नाहीत, तरी वादकाला दंड. मार्च 1970 मध्ये जॉर्जियातील कोलंबस गावी ताफ्याने पैशांच्या मागणीवर निर्वाणीचा इशारा दिला. ब्राऊनने खासगी विमान सिनसिनाटीला धाडले आणि तिथल्या पोरांचा आख्खा संच उचलून आणला. त्यांतला बूट्सी कॉलिन्स अवघा 18 वर्षांचा. जुन्यांपैकी बहुतेक बाहेर पडले. नव्यांनी त्यांची जागा घेतली आणि पुढे 'द ग्रंट' वाजवले.

म्हणजे 'रिबेल विदाउट अ पॉज'मध्ये एकाच वेळी वाजतो तो मोडलेल्या ताफ्याचा ड्रम आणि बदलीवाल्यांचा सॅक्सोफोन. आमच्या एका संपात पहाटे टेम्पो भरून पोरे कारखान्यात नेली गेली. त्यांना शिव्या देणाऱ्यांत मी पुढे होतो. त्यांतली कित्येक पुढे आमच्याच युनियनची वर्गणी भरू लागली. बूट्सीही साधारण वर्षभरात ब्राऊनला सोडून गेला.

आता पैशाचे. कागदोपत्री 'फंकी ड्रमर'चा रचनाकार एकटा जेम्स ब्राऊन. स्टबलफील्ड पगारी माणूस. तो तुकडा पुढे शेकडो गाण्यांत वापरला गेला, पण त्यात त्याचा कायदेशीर वाटा नव्हता. पब्लिक एनिमीच्या तबकडीत ताल चोरल्याच्या आरोपावरचे एक गाणेच आहे. कोर्टात खेचले जाऊ, हे त्यांनी आधीच ओळखले होते. डिसेंबर 1991 मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायाधीशाने दुसऱ्याच एका गायकाच्या खटल्यात, चोरी करू नये ही बायबलातली आज्ञा निकालाच्या आरंभीच घातली. तेव्हापासून तुकडा घ्यायचा तर परवानगी आणि पैसे. ते पैसे जातात हक्काच्या मालकाकडे. ड्रमवाला आधीही रिकामा, नंतरही रिकामाच. दलितपीडितांची बाजू मांडणाऱ्या ह्या तरुणांवरही माझा एवढा रोष आहे.

आपल्याकडेही हे लोण आले. लता मंगेशकरांनी 'ज्योती' (1981) ह्या चित्रपटासाठी गायलेले एक गाणे 2002 साली अमेरिकेतल्या 'अ‍ॅडिक्टिव्ह'मध्ये जसेच्या तसे वापरले गेले. संगीतकार बप्पी लाहिरींचे नाव छापल्याशिवाय ती तबकडी विकू नये, असा आदेश 2003 साली तिथल्या कोर्टाने दिला. योग्यच झाले. लताबाई स्वतः 1960 च्या दशकात गायकांच्या हिश्शासाठी भांडल्या होत्या. पण त्या गाण्यात ताल कोणी धरला होता, हे विचारणारा मला कोणी भेटला नाही.

स्टबलफील्ड पुढे विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन गावी राहिला आणि तिथल्या क्लबांत सोमवारी रात्री वाजवत असे. त्याला कर्करोग झाला तेव्हा दवाखान्याचे मोठे बिल प्रसिद्ध गायक प्रिन्सने गुपचूप भरले. प्रिन्स 2016 साली वारल्यावर ते उघड झाले. पुढल्याच वर्षी, फेब्रुवारी 2017 मध्ये, स्टबलफील्डही गेला. एका मुलाखतीत त्याने सांगितले होते की त्याला राग वगैरे नाही. पण दुसऱ्याची वस्तू वापरून पैसे न देणे हा त्या माणसाचा अनादर आहे, असे त्याला वाटते.