पाट्याची चव

कल्याणच्या आमच्या घरात अम्मीला सर्वांत नकोसा वाटायचा तो पाटा-वरवंटा. "पाट्यावरच्या वाटणाची चवच वेगळी," अब्बा म्हणायचे. वाटायला मात्र कधी बसले नाहीत.

१९६३ साली अभियंता सत्यप्रकाश माथुर यांनी, पत्नी माधुरी यांचा परदेशी मिक्सर बिघडल्यावर, आपल्याकडची डाळ-मसाले दळू शकणारा 'सुमीत' बनवला. आमच्याकडे मिक्सर बऱ्याच उशिरा आला. अम्मीची पाठ सुटली.

मग २००५च्या सुमारास भारनियमन आलं. मुंबईत दिवे, कल्याण-डोंबिवलीत अंधार. रोज्याच्या दिवसांत अम्मी पुन्हा पाट्याशी बसली. इफ्तारला अब्बांनी सालनाची तारीफ केली. अम्मीने मिरचीने भगभगणारे हात पाण्यात बुडवले.

पाट्याच्या चवीचा इतिहास खाणाऱ्यांनी सांगितला. वाटणाऱ्यांना कुणी विचारलंच नाही.